प्लास्टिकच्या रस्त्यात प्लास्टिक किती?

‘प्लास्टिकचा रस्ता’ म्हटले की अनेकांना वाटते, कचरा वितळवून त्याचाच थर अंथरला असणार. उन्हात तो मऊ पडेल, पावसात गाड्या घसरतील. हिशेब मांडला की ही भीती राहत नाही. शंभर किलो हॉट मिक्समध्ये, म्हणजे खडी-डांबराच्या गरम मिश्रणात, डांबर साधारण पाच किलो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्लास्टिक घालायचे ते डांबराच्या वजनाच्या ६ ते ८ टक्के, म्हणजे फार तर चारशे ग्रॅम. बाकी सगळी खडीच.

ही पद्धत मदुराईचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्लांटमध्ये खडी १६० ते १७० अंशांपर्यंत तापवून तिच्यावर प्लास्टिकचा चुरा सोडतात. तो वितळून खड्याखड्यावर पातळ लेप बसतो, खडी तेल लावल्यासारखी चमकू लागते, मग डांबर मिसळतात. लेपामुळे खडीत पाणी कमी मुरते आणि डांबर तिला घट्ट धरून राहते. आपल्याकडे पावसाळ्यात डांबर खडीपासून सुटते ते पाणी शिरूनच, म्हणून हा फायदा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

‘प्लास्टिक जाळतात, विषारी धूर होतो,’ ही तक्रारही ऐकू येते. इथे प्लास्टिक वितळते, जळत नाही. मात्र तापमान सांभाळावेच लागते आणि पीव्हीसी अजिबात चालत नाही, कारण ते तापले की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. दुधाच्या पिशव्या चालतात. चौकाचौकांतले पीव्हीसीचे फ्लेक्स नाहीत. ही निवड कचरावेचक बायका हाताने करतात. रस्त्याच्या अंदाजपत्रकात त्यांच्या मजुरीचीही तरतूद हवीच.

अशा रस्त्याला खड्डेच पडत नाहीत, हेही खरे नाही. दबाई कच्ची राहिली, गटार तुंबले, तर कुठलाही रस्ता उखडतो.

आणि यातून शहराचा सगळा कचरा संपेल? नाही. पावणेचार मीटर रुंदीच्या एक किलोमीटर रस्त्यात सुमारे एक टन प्लास्टिक जिरते. रस्त्यात जिरू शकणारा त्याहून कितीतरी जास्त टाकाऊ माल, म्हणजे स्लॅग, पोलाद कारखान्यांतून निघतो. मुंबई–गोवा महामार्गावर पनवेल–इंदापूर टप्प्यात केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने एक किलोमीटरचा चौपदरी भाग खडीऐवजी प्रक्रिया केलेल्या स्लॅगने बांधला. त्यासाठी सुमारे ८० हजार टन स्लॅग वापरला गेला; तेवढी खडी डोंगर फोडून काढावी लागली नाही.