केळीच्या सोपटातले वस्त्र
ओगिमी (ओकिनावा, जपान)

ओकिनावा बेटाच्या उत्तर भागात ओगिमी गावची किजोका नावाची वस्ती आहे. तिथल्या कार्यशाळेत केळीच्या वाखाचे कापड विणतात. त्याला ‘बाशोफू’ म्हणतात आणि जपानभर त्याला मान आहे. रावेर-यावलच्या वाचकांनी हे वृत्त जरा बारकाईने वाचावे. आपल्याकडे घड उतरला की खांब कापून बांधावर टाकतात, नाहीतर शेतातच कुजवतात. दीड-दीड मीटरवर लागण केली तर हेक्टरी ४,४४४ झाडे बसतात, म्हणजे तेवढेच खांब. त्यातून वाख निघतो हे आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, वाख काढायची यंत्रेही मिळतात. तरी आपली चर्चा यंत्र आणि अनुदान यांच्यापुढे सरकत नाही. किजोकाकडे पाहिले की आपली खरी उणीव यंत्राची नसून रचनाकाराची आहे, असे माझे मत होते. इथे रचनाकार म्हणजे कागदावर नक्षी काढणारा नव्हे. कोणत्या झाडाच्या कोणत्या सोपटातून काय घडेल, हे बागेत उभे राहून ठरवणारा माणूस मला अभिप्रेत आहे.

किजोकातली केळ फळासाठी नसतेच. ‘इतो-बाशो’ म्हणजे धाग्याची केळ. ती तयार व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात. त्या काळात तिची पाने आणि शेंडा वरचेवर छाटतात, म्हणजे खांब बुडापासून वरपर्यंत सारख्या जाडीचा होतो आणि वाख मऊ राहतो. कापडाचा पोत असा झाड उभे असतानाच ठरू लागतो. खांब कापला की सोपटे सोलून त्यांची चार प्रतींत वर्गवारी होते. बाहेरचे राठ सोपट पट्ट्यासारख्या जाड वस्तूंना जाते, आतले किमोनोला, आणि गाभ्याजवळचे रंगवायच्या धाग्याला. मग राखेच्या पाण्यात उकळणे, बांबूच्या चिमट्याने गर खरवडणे, वाळवणे. पुढचे काम सर्वांत वेळखाऊ. हा धागा कातत नाहीत, वाखाची टोके एकेक गाठ मारून जोडत नेतात. एका किमोनोच्या सुमारे बारा मीटर कापडाला दोनशेच्या आसपास झाडे लागतात. नक्षी असेल तर आपल्या इक्कतीप्रमाणे धागे आधी बांधून रंगवतात. मागावर बसणे हा या सगळ्या खटाटोपाचा शेवटचा, छोटासा भाग.

ही विद्या एकदा बुडण्याच्या बेतात होती. तोशिको ताइरा (१९२१-२०२२) युद्धकाळात कामासाठी मुख्य जपानातल्या कुराशिकीला होत्या. युद्ध संपल्यावर तिथेच त्या विणकाम शिकल्या. गावी परतल्या तेव्हा डासांची पैदास होते म्हणून अमेरिकी सैन्याने केळीच्या बागा तोडून टाकल्या होत्या. त्यांनी युद्धात विधवा झालेल्या बायकांना हाताशी धरून काम पुन्हा उभे केले. जपानी शासनाची भूमिका इथे समजून घ्यावी लागते. १९५० च्या सांस्कृतिक संपदा कायद्याने या देशात कसबालाही राष्ट्राची संपत्ती मानले आहे. १९७४ मध्ये या कसबाला तो दर्जा देताना शासनाने गावातल्या कारागिरांच्या मंडळाला त्याचे धारक ठरवले, आणि २००० मध्ये ताइराबाईंना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ मानले. या मानासोबत कसब टिकवायला आणि पुढच्या पिढीला द्यायला वर्षाला वीस लाख येन मिळतात. पैसा शिकवणाऱ्या हातांपाशी पोहोचतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आक्षेप उघड आहे: आपली केळ फळाची. तिची पाने छाटली तर घडाचे वजन घटेल, आणि ते कोणता शेतकरी करील? करूही नये. म्हणजे रावेरच्या खांबातून किजोकाचे वस्त्र निघणार नाही, हे मान्यच करायला हवे. पण सोपटांची प्रतवारी फळाला धक्का न लावता करता येते. जाड वाखाच्या चटया, पिशव्या होतील. आतल्या वाखाचा बाणा आणि खानदेशी कापसाचा ताणा असे कापड विणून पाहता येईल. त्याचे काय शिवायचे हे ठरवणारी व्यक्ती मात्र इथलीच हवी, कारण वाख दूरच्या शहरात गेला की तो फक्त किलोवर विकला जातो.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. एकेकाळी राजापासून शेतकऱ्यापर्यंत ओकिनावात सगळे बाशोफू नेसत, आज ते मोजक्या श्रीमंतांनाच परवडते. हे नुकसानच आहे, आणि किजोकाजवळ त्याचे उत्तर नाही. जाडाभरडा, रोजच्या वापराचा माल करून कदाचित रावेरच ते शोधू शकेल.

उरला प्रश्न हवेचा. हा धागा कोरड्या हवेत तुटतो, म्हणून किजोकात विणकामाला पावसाळी, दमट दिवस उत्तम मानतात. रावेरच्या वैशाखात तो मागावर टिकणार नाही. विणकाम मृगानंतरच धरावे लागेल. उन्हाळ्यात मात्र वाख काढून, वाळवून ठेवता येईल.