वेग कोण सांभाळतंय?

एअरबस ए३२० उड्डाणाला निघतं तेव्हा वैमानिक दोन थ्रस्ट लिव्हर पुढे सरकवतो. त्या लिव्हरपासून इंजिनापर्यंत कुठलीही यांत्रिक जोडणी नसते. जातो तो फक्त विद्युत संदेश. तो वाचतो प्रत्येक इंजिनाचा स्वतंत्र संगणक, ‘फाडेक’. इंधन किती सोडायचं, तापमान कुठवर चढू द्यायचं हे तोच बघतो. त्याच्या दोन वाहिन्या असतात. एक बिघडली की दुसरी काम उचलते. इंजिन फिरत असताना तो वीजही त्याच इंजिनावरच्या छोट्या जनित्राकडून घेतो.

उड्डाणाला दर वेळी सगळी ताकद लागतेच असं नाही. विमान हलकं आणि धावपट्टी लांब असेल, तर वैमानिक संगणकाला मुद्दाम चढं तापमान सांगतात. हवा ३० अंशांवर असताना ५० सांगितलं, की तेवढ्या उष्ण हवेत मिळेल इतकाच जोर इंजिन देतं. त्यामुळे टर्बाइनची पाती कमी तापतात आणि इंजिनाचं आयुष्य वाढतं.

जमीन सोडल्यावर थोड्याच वेळात लिव्हर ‘क्लाइंब’च्या खाचेत येतात आणि एरवी उतरेपर्यंत तिथेच राहतात. आता सूत्रं ऑटोथ्रस्टकडे. त्याच्या कामाच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत तो इंजिनाचा जोर कमी-जास्त करून ठरलेला वेग राखतो. दुसरीत जोर एका जागी बांधलेला असतो आणि वेग राखायचं काम विमानाच्या नाकाकडे जातं. उतारावर सायकल पेडल न मारता वेग धरते, तसं इंजिनं किमान जोरावर ठेवून नाक खाली केलेलं विमान वेग धरतं. पण तेव्हा कुणी नाक वर ओढलं, तर वेग घसरतो आणि इंजिनं ढिम्म राहतात.

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या ए३२०चं हेच झालं. हे विमान तेव्हा भारतात नवं होतं. उतरताना ऑटोथ्रस्ट दुसऱ्या तऱ्हेत, इंजिनं किमान जोरावर. पहिल्या तऱ्हेत यायला दोन्ही वैमानिकांचे फ्लाइट डायरेक्टर, म्हणजे नाक कुठे धरायचं हे पडद्यावर दाखवणारे मार्गदर्शक, बंद व्हायला हवे होते. एक चालूच राहिला. वेग घसरत गेला. पूर्ण जोर मागितला गेला, पण फार उशिरा. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं आणि १४६ पैकी ९२ जण गेले.

उशीर इतका महाग का पडतो? जेट इंजिनाला किमान जोरावरून पूर्ण जोरावर यायला काही सेकंद लागतात. त्यात आठ सेकंद गेले, तर नेहमीच्या उतरणीत तेवढ्यात विमान नव्वदेक फूट खाली येतं. जमीन शंभर फुटांवर असताना वेळेची ही उसनवारी परवडत नाही.

बोइंगच्या विमानांत लिव्हर मोटरने स्वतः हलतात, त्यामुळे इंजिन काय करतंय ते हाताला कळतं. तरीही ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला उतरताना एशियाना एअरलाइन्सच्या बोइंग ७७७चा वेग १३७ ऐवजी १०३ नॉटांपर्यंत घसरला. वैमानिकाने लिव्हर मागे ओढले होते आणि ऑटोथ्रॉटल, म्हणजे बोइंगचं ऑटोथ्रस्ट, ‘होल्ड’मध्ये गेलं होतं; म्हणजे लिव्हर आहेत तिथेच सोडून देत होतं. पण ते वेग राखतंय असा त्याचा समज होता. विमानातल्या ३०७ जणांपैकी तिघे दगावले.

दोन्ही ठिकाणी यंत्र त्याला नेमून दिलेल्या कामातच होतं. ते काम कोणतं, हे माणसांच्या ध्यानातून निसटलं. खरं तर ते समोरच लिहिलेलं असतं. पडद्याच्या माथ्यावरच्या अरुंद पट्टीत ‘स्पीड’ दिसलं तर वेग इंजिनाकडे, ‘थ्रस्ट आयडल’ दिसलं तर नाकाकडे. म्हणूनच वैमानिकांना ही पट्टी मोठ्याने वाचायची शिस्त लावतात. ए३२०च्या वैमानिकांना आणखी एक धडा दिला जातो : फ्लाइट डायरेक्टर दोन्ही चालू किंवा दोन्ही बंद.

याच अनुभवांतून घट्ट झालेला एक नियम प्रवाशांनीही माहीत करून घ्यावा. ठरलेल्या उंचीवर, साधारण हजार किंवा पाचशे फुटांवर, वेग आणि इंजिनाचा जोर स्थिर नसेल तर उतरायचं नाही. वर जाऊन पुन्हा यायचं. तुमचं विमान धावपट्टी दिसत असताना गर्जत वर गेलं, तर उशीर झाला म्हणून चडफडू नका. त्या वैमानिकाने आपलं काम चोख केलेलं असतं.