लग्नातली पैठणी घडीवर का विरते?

आईची लग्नातली पैठणी मी पहिल्यांदा पुरती उलगडली ती माझ्या केळवणाला नेसायला म्हणून. आईने ती आयुष्यात चार-पाचदा नेसली असेल. एरवी प्लॅस्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्या घालून, ट्रंकेच्या तळाशी जिवापाड जपलेली. उलगडली, तर प्रत्येक घडीवर सरळ चीर. ती नेसून फाटली नव्हती, ठेवून फाटली होती. म्हणूनच लग्नसाडीबद्दल घरोघरी जे ठामपणे सांगितलं जातं, ते एकदा नीट तपासायला हवं.

‘नेसली नाही की साडी टिकते,’ हा पहिला गैरसमज. रेशमाचा धागा प्रथिनाचा असतो. तो वर्षानुवर्षं एकाच जागी दुमडून, वर दहा साड्यांचं ओझं ठेवलं की तिथेच तुटतो. जरीच्या काठापाशी तर लवकरच, कारण जर कडक आणि जड. वस्तुसंग्रहालयांत जुनी वस्त्रं शक्यतो नळीवर गुंडाळून ठेवतात ती याचसाठी. घरी तेवढं जमलं नाही तरी दर तीन-चार महिन्यांनी साडी उलगडून घडी दुसऱ्या जागी घालता येते. हँगरला मात्र लटकवू नये. पदराच्या जरीचं वजन सगळं कापड खाली ओढत राहतं.

‘एकदाच तर नेसली, लगेच ड्रायक्लीनला कशाला?’ प्रत्येक वेळी द्यायची गरज नाही, हे खरंच. पण लग्नाच्या दिवशी साडीने दिवसभराचा घाम, अत्तर, हळद-कुंकू, पंगतीतलं तूप आणि सरबताचे थेंब झेललेले असतात. सरबताचा डाग त्या दिवशी दिसतही नाही. काही महिन्यांनी साखर पिवळट-तपकिरी होऊन वर येते. म्हणून साडी आधी सावलीत वाऱ्यावर टाकावी, मग उजेडात धरून बघावी आणि कुठे कशाचा डाग आहे ते दुकानदाराला दाखवूनच द्यावी. हळदीच्या डागाला घरी साबण लावू नये. साबणातल्या अल्कलीने हळद लाल होते. उन्हात हळद उडते हे आजीचं म्हणणं बरोबर आहे, पण ते सुती कपड्यापुरतं. कडक उन्हाने रेशमाचा रंग जातो आणि धागाही कमजोर होतो.

आता डांबराच्या गोळ्या. त्यांच्याशिवाय रेशमाला कसर लागते, असं आपण धरूनच चालतो. पण त्या नॅफ्थलीनच्या असतात आणि त्याची वाफ कापडात मुरून राहते. काही बाळांच्या शरीरात जी-६-पी-डी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असते. अशा बाळाला गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यात गुंडाळलं, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. वैद्यकात याची नोंद जुनी आहे. आणि आपण लग्नातली साडी ट्रंकेतून काढतो कधी? बारशाला! ती नेसून बाळाला मांडीवर घेतो. कमतरता आहे की नाही हे त्या वेळी बहुतेक घरांत ठाऊकही नसतं. म्हणून बाळ येणार असलेल्या घरात या गोळ्या नकोतच, असं माझं स्पष्ट मत आहे. वेखंडाची किंवा सुक्या कडुलिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवावी, कापडाला टेकू न देता. पण खरी राखण स्वच्छतेचीच आहे: कसर डागाकडे आणि खळीकडे आधी जाते. त्यामुळे ठेवणीतल्या साडीला खळ नको आणि सारखं रोल पॉलिशही नको.

‘जर काळी पडली म्हणजे दुकानदाराने फसवलं,’ असंही ऐकू येतं. अस्सल जरीत चांदी असते आणि हवेतल्या गंधकाने चांदी काळवंडतेच, देवघरातल्या निरांजनासारखी. तांब्याची टेस्टेड जरही काळी पडते. वर्षानुवर्षं तशीच चकचकत राहते ती बहुधा प्लॅस्टिकची. काळ्या जरीवर लिंबू किंवा टूथपेस्ट चोळू नका, आणि साडीला रबरबँड तर लावूच नका. रबरातही गंधक असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, म्हणून धुतलेलं मऊ सुती कापड बरं. जुनं सुती लुगडं असेल तर उत्तमच.

शेवटचा समज सगळ्यात महागात पडलेला: ‘फाटली की तिची किंमत तेवढी जरीतल्या चांदीची.’ या हिशेबाने कितीतरी जुन्या पैठण्या जाळून त्यांची चांदी काढली गेली. हातमागाच्या पैठणीचे मोर आणि आसावली विणकर एकेका धाग्याने विणतात, म्हणून तिची उलट-सुलट बाजू सारखी दिसते. येवला आणि पैठणच्या या विणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हे चांदीच्या तोळ्यात मोजायचं नसतं. अंग विरलं तरी काठ-पदर बहुतेक वेळा शाबूत असतात. ते उसवून नव्या रेशमावर चढवून देणारे कारागीर अजून आहेत. माझ्या आईच्या पैठणीचे काठ तसेच चढवून घेतले आहेत, आणि ती आता दर सणाला नेसली जाते.

पावसाळ्यात ट्रंक उघडू नका, हवेतला दमटपणा आत जातो. पण दसऱ्याच्या आसपास कोरडं ऊन पडलं की तुमची साडी काढा, दिवसभर सावलीत वारा द्या आणि घडी बदलून मगच ठेवा.