४५ मिनिटं ब्रेकच नाही! अमेरिकन टीव्हीला फुटबॉल एवढी वर्षं का झेपत नव्हता?

१९६७ सालची गोष्ट. अमेरिकेत प्रोफेशनल फुटबॉलची एक नवीकोरी लीग सुरू झाली होती आणि सीबीएससारख्या बड्या चॅनेलनं तिचे सामने दाखवायला घेतले होते. मे महिन्यात टोरोंटो विरुद्ध पिट्सबर्ग अशी मॅच झाली. पंच होते पीटर ऱ्होड्स. त्यांनी मॅचमध्ये २१ फाऊल दिले. नंतर त्यांनी स्वतःच कबूल केलं की त्यातले ११ फाऊल टीव्हीवर जाहिरात लावता यावी म्हणून दिले होते.

म्हणजे खेळाडूनं काहीच केलेलं नाही, तरी शिट्टी.

हसू येतं, पण अमेरिकन टीव्ही आणि फुटबॉल यांचं पुढं जे काही झालं, त्याचं मूळ या ११ फाऊलमध्ये आहे.

अमेरिकेत लोक डोक्यावर घेतात ते खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल. हे तिन्ही खेळ सारखे थांबतात. एनएफएलमध्ये तर खास जाहिरातींसाठी खेळ थांबवतात आणि त्याला राजरोस टीव्ही टाइमआऊट म्हणतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे ओव्हर संपली की जाहिरात, विकेट पडली की जाहिरात, वर आयपीएलमध्ये अडीच मिनिटांचा स्ट्रॅटेजिक टाइमआऊट.

फुटबॉल, म्हणजे अमेरिकन भाषेत सॉकर, मात्र एकदा सुरू झाला की ४५ मिनिटं थांबत नाही. मग चॅनेलनं हक्कांसाठी मोजलेले पैसे वसूल कधी करायचे? हाफटाइमला? तेव्हा तर लोक उठून किचनमध्ये गेलेले असतात.

'अमेरिकनांना फुटबॉल कळत नाही' हे आपण सगळेच ऐकत आलोय. ते अर्धंच खरं आहे. टीव्हीवाल्यांना खेळ कळत होता, त्यातून पैसे कसे काढायचे तेवढं कळत नव्हतं.

१९९० मध्ये अमेरिका तब्बल ४० वर्षांनी वर्ल्ड कपला पात्र ठरली. इंग्रजीत मॅचेस दाखवायचे हक्क टीएनटी या केबल चॅनेलकडे होते. त्यांनी सोपा मार्ग निवडला. मॅच चालू असतानाच जाहिराती लावायच्या. चेंडू इटलीतल्या मैदानात फिरतोय आणि अमेरिकेतल्या पडद्यावर जाहिरात. प्रेक्षकांनी काय म्हटलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

ज्यांना खेळाची गोडी होती त्यांनी रिमोट उचलला आणि युनिव्हिजन हे स्पॅनिश चॅनेल लावलं. यातल्या बऱ्याच जणांना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, पण तिथं मूळचे अर्जेंटिनाचे आंद्रेस कांतोर कॉमेंट्री करायचे. गोल झाला की श्वास संपेपर्यंत चालणारी त्यांची 'गोऽऽऽऽल' ही आरोळी पुढं एवढी गाजली की इंग्रजी चॅनेलवरच्या शोमध्येही त्यांना बोलवायला लागले.

१९९४ चा वर्ल्ड कप अमेरिकेतच होता. घरच्या कार्यात शोभा नको म्हणून एबीसी आणि ईएसपीएन यांनी डोकं चालवलं. पडद्याच्या कोपऱ्यात स्कोअर आणि घड्याळ कायमचं ठेवलं आणि त्याच्या शेजारी आलटून पालटून स्पॉन्सरचे लोगो दाखवले. खेळ चालू असताना ब्रेक बंद. आज आपण कुठलीही मॅच बघतो तेव्हा कोपऱ्यात स्कोअर असतोच, त्यामुळं त्यात काही विशेष वाटत नाही. पण तेव्हाच्या अमेरिकन प्रेक्षकाला आधी हे बघायची सवय नव्हती. जाहिरातीचा प्रश्न एका छोट्या चौकोनात सुटला होता.

पण धंद्याचा प्रश्न सुटला नव्हता, आणि तो २००२ ला अंगावर आला.

तो वर्ल्ड कप होता जपान आणि दक्षिण कोरियात. म्हणजे न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणं मॅचेस पहाटे अडीच, पाच आणि सकाळी साडेसातला. एवढ्या पहाटे जाहिरात कोण देणार? इंग्रजी हक्कांसाठी कुठलंच चॅनेल मनाजोगती किंमत द्यायला तयार होईना.

अमेरिकेची स्वतःची लीग, मेजर लीग सॉकर, तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती आणि तोट्यात बुडाली होती. २००२ च्या जानेवारीत फ्लोरिडातले दोन क्लब बंद करून १२ चे १० करायची वेळ आली. लीगच गुंडाळायची का, इथवर चर्चा गेली होती. आणि नेमक्या याच काळात लीगच्या मालकांनी सॉकर युनायटेड मार्केटिंग नावाची कंपनी काढली आणि २००२ आणि २००६ या दोन वर्ल्ड कपचे इंग्रजी हक्क स्वतःच विकत घेतले. सोबत २००३ चा महिला वर्ल्ड कपही.

साधारणपणे मॅच दाखवायला चॅनेल पैसे देतं. इथं उलटं झालं. लीगवाल्यांनीच निर्मितीचा खर्च उचलला, जाहिराती विकायची जबाबदारी घेतली आणि मॅचेस एबीसी-ईएसपीएनवर दाखवून घेतल्या. घरात पीठ नसताना लग्नाचा मांडव घालण्याचाच हा प्रकार. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की देशात वर्ल्ड कपच दिसला नाही, तर आपली लीग कोण बघेल?

डाव बरा लागला. अमेरिकेनं मेक्सिकोला २-० हरवून क्वार्टर फायनल गाठली आणि लोक पहाटेचे अलार्म लावून उठले.

स्पॅनिश चॅनेलना मात्र अशी धडपड कधी करावी लागली नाही. त्यांचा प्रेक्षक मेक्सिकोतून, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून खेळ सोबत घेऊनच आला होता. २००५ मध्ये पुढच्या दोन वर्ल्ड कपचे सौदे झाले तेव्हा ईएसपीएन-एबीसीनं इंग्रजीसाठी १० कोटी डॉलर मोजले आणि युनिव्हिजननं स्पॅनिशसाठी ३२.५ कोटी. इंग्रजी बोलणाऱ्या देशात स्पॅनिश हक्क तिपटीहून महाग!

पुढं इंग्रजीवालेही जागे झाले. २०१३ पासून इंग्लंडची प्रीमियर लीग एनबीसीकडे आली, तीन वर्षांचे २५ कोटी डॉलर देऊन. ती लोकांपर्यंत न्यायला त्यांनी जेसन सुडेकिसला घेऊन एक गमतीची जाहिरात केली. फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारा अमेरिकन कोच इंग्लंडच्या क्लबमध्ये येतो, अशी. त्या कोचचं नाव टेड लासो. होय, ती सिरीज याच जाहिरातीतून आली. २०२२ पासूनच्या सहा वर्षांसाठी एनबीसीनं याच लीगला सुमारे २७० कोटी डॉलर कबूल केले.

वर्ल्ड कपचे हक्क दरम्यान फॉक्स आणि टेलेमुंडोकडे गेले होते. कतारचा वर्ल्ड कप नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हलवायचं घाटत होतं, आणि ते तर एनएफएलचे दिवस. फॉक्सची अडचण होणार हे उघड होतं. २०१५ मध्ये फिफानं या दोघांना २०२६ चे हक्कही लिलावाशिवाय देऊन टाकले. ही नुकसानभरपाई असल्याची चर्चा तेव्हाच झाली. तीन वर्षांनी २०२६ चं यजमानपद अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोला मिळालं. फॉक्सला लॉटरीच लागली म्हणायची.

आता पुन्हा त्या शिट्टीकडे येऊ. २०२६ साठी फिफानं डिसेंबर २०२५ मध्ये एक नियम जाहीर केला. प्रत्येक मॅचच्या दोन्ही हाफमध्ये, साधारण २२ व्या मिनिटाला, पंच खेळ थांबवणार. तीन मिनिटांचा पाणी पिण्याचा ब्रेक. अमेरिकेतला उन्हाळा कडक असतो आणि खेळाडूंना पाणी हवंच, यात वाद नाही. पण आधी असा ब्रेक ऊन बघून दिला जायचा. आता हवा थंड असो की स्टेडियमला छत असो, ब्रेक होणारच. आणि त्या वेळात चॅनेलना जाहिराती दाखवता येणार.

१०४ मॅचेस, प्रत्येकी सहा मिनिटं. एकूण ६२४ मिनिटं, म्हणजे दहा तासांहून जास्त. फिफानं ही घोषणा केली ती वॉशिंग्टनमध्ये, टीव्ही चॅनेलवाल्यांच्या बैठकीत.