टेबल टेनिसची पहिली बॅट

टेबल टेनिसचा चेंडू अवघा २.७ ग्रॅम वजनाचा असतो आणि टेबलाची लांबी २.७४ मीटर असते. एवढ्या लहान जागेत चेंडू इतक्या त्वरेने ये-जा करतो, की हातातील बॅट आपले म्हणणे ऐकते की नाही, याला फार महत्त्व येते. खेळ शिकू लागलेला मुलगा किंवा मुलगी दुकानात जाते, तेव्हा काचेच्या कपाटात रंगीबेरंगी मुठींच्या बॅटी ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यांच्या किमतींत मात्र जमीन-अस्मानाचा फरक असतो. महाग बॅट घेणे घरच्यांना परवडत नाही आणि स्वस्त घ्यावी, तर पैसे वाया जाण्याची धास्ती वाटते. अशा वेळी बॅट कशाची बनते, हे ठाऊक असले म्हणजे निवड पुष्कळ सोपी होते.

बॅटचे दोन भाग असतात : लाकडी पाते आणि त्यावर डकवलेले रबर. रबर काही महिन्यांत झिजते व बदलावे लागते. पाते नीट वापरले, तर वर्षानुवर्षे टिकते. तेव्हा अधिक विचार करावयाचा तो पात्याचा.

हे पाते बहुधा एकाच फळीचे नसते. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून ते तयार करतात. साध्या पात्याला पाच थर असतात. मधला थर सर्वांत जाड आणि हलक्या लाकडाचा असतो. पश्चिम आफ्रिकेत वाढणाऱ्या आयूस नावाच्या वृक्षाचे लाकूड त्यासाठी पुष्कळ वापरतात. त्याच्या दोन्ही अंगांना आडव्या रेषांचे पातळ थर आणि त्यांवर पुन्हा उभ्या रेषांचे थर बसवतात. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आखडते. परंतु आडवे-उभे थर एकमेकांना आवरून धरतात, त्यामुळे पाते सहसा वाकडे होत नाही. सात थरांचे पाते बहुधा अधिक ताठ असते. काही पात्यांत कार्बनच्या तंतूंचेही थर घालतात. मात्र नियमाप्रमाणे पात्याच्या जाडीपैकी निदान ८५ टक्के भाग नैसर्गिक लाकडाचाच असावा लागतो.

नवशिक्याने कोणते घ्यावे? पाच थरांचे, निव्वळ लाकडी. हे केवळ स्वस्ताईसाठी सांगितलेले नाही. चेंडू आदळला, की लवचिक पाते किंचित वाकते व चेंडू त्यावर क्षणभर अधिक राहतो. ताठ पाते त्याला तत्काळ परत फेकते. नवख्या हाताचा कोन थोडा चुकतोच. साध्या पात्यावर ती चूक खपून जाते. वेगवान पात्यावर तोच चेंडू टेबलाबाहेर जातो. कार्बनची बॅट भेट मिळालेली मुले कित्येकदा फटका मारायचेच सोडून देतात आणि चेंडू भीतभीत ढकलू लागतात, ते यामुळेच.

साधनाचा प्रभाव खोटा आहे, असे मात्र नव्हे. १९५२ साली जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा मुंबईत भरली होती. त्या काळी बॅटवर बारीक उंचवट्यांचे पातळ रबर असे आणि चेंडू लागल्याचा ठोका स्पष्ट ऐकू येई. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन उतरला. तिचा आवाजच येईना! कानांवर भिस्त ठेवणारे नामांकित खेळाडू गोंधळले आणि सातो अजिंक्य ठरला. पुढे १९५९ साली नियम करून नुसत्या स्पंजाला मनाई करण्यात आली. आता रबर व स्पंज मिळून जाडी ४ मिलिमीटरांहून अधिक चालत नाही.

पाते घेताना ते प्रथम हातात धरून पाहावे. मूठ सरळ असते किंवा शेवटाकडे रुंदावलेली असते. यांत श्रेष्ठ-कनिष्ठ काही नाही, बोटांना सुखावह वाटेल ती घ्यावी. पात्याचे वजन साधारणतः ८० ते ९० ग्रॅम भरते आणि दोन्ही बाजूंना रबर चढले, की ते जवळजवळ दुप्पट होते. म्हणून लहान मनगटाला हलकेच पाते बरे. मग ते डोळ्यांसमोर आडवे धरून सपाट आहे की नाही, कडेला थर सुटलेले नाहीत ना, हे तपासावे. दुकानदार घाई करील, करू द्यावी. रबर लावलेली तयार बॅट घ्यावयाची असेल, तर चेंडू रबरावर दाबून सरकवावा. तो गुळगुळीतपणे घसरला, तर त्या बॅटने चेंडूला फिरकी देणे कधीच साधणार नाही.

कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यात बॅट पिशवीत बंद ठेवावी. रबर ओलसर कापडाने पुसावे, पण लाकडाला पाणी लागू देऊ नये. झिजलेले रबर काढताना ते हिसका देऊन ओढू नये, हळूहळू सोलावे. नाहीतर त्याबरोबर लाकडाचे कपचे निघून येतात. हे टाळण्यासाठी नव्या पात्याला आरंभीच व्हार्निशचा एक पातळ हात देणारे खेळाडूही पुष्कळ आहेत.