पेटीवाला पुढे का पळतो?

शोपँला आज थांबावं लागणार. त्याची नॉक्टर्न कबूल केली होती, पण मधेच कपिलधारहून पत्र आलं आणि ते बाजूला सारवेना. लिहिणारे गृहस्थ मन्मथस्वामींच्या समाधीपाशी भजनाला पेटीची साथ करतात. शूबर्टची गाणी ऐकून ते विचारतात, "गाणारा गप्प असला तरी तुमचा पियानोवाला वाजवतोच, आणि गाणारा गातो तेव्हा त्याची चाल धरत नाही. ही कसली साथ?"

प्रश्न अस्सल साथीदाराचा आहे. आपली पेटी गळ्याच्या मागोमाग जाते. कार्तिकी पौर्णिमेला दिंड्या येतात, टाळमृदंगाचा कल्लोळ होतो, तेव्हा सूर हातचा जाऊ न देणं हेच तिचं काम. भावगीतातही वाद्यमेळ बहुधा दोन कडव्यांमधली जागा भरतो आणि शब्द आले की मागे सरकतो.

गोएथेलाही असंच आवडे. त्याचा मित्र झेल्टर त्याच्या कवितांना साध्या चाली लावी, पियानो आपला पायरीनं वागे. १८१६ साली शूबर्टच्या मित्रांनी गोएथेला गाण्यांचं बाड पाठवलं, ते अवाक्षर न लिहिता परत आलं. त्यात सूत कातणाऱ्या ग्रेट्शेनचं गाणंही होतं, शूबर्टनं सतराव्या वर्षी रचलेलं. त्यात पियानोच्या उजव्या हातात सूतकताईचं चाक फिरत राहतं. प्रियकराच्या चुंबनाची आठवण येते तिथं चाक थांबतं आणि मग अडखळत पुन्हा सुरू होतं. पोरीचे हात थांबले, हे कवितेत कुठंच लिहिलेलं नाही. ते पियानो सांगतो. म्हाताऱ्यानं हे पानावर तरी पाहिलं होतं की नाही, कोण जाणे!

पण पत्राचं खरं उत्तर 'डी श्योने म्यूलरिन'मध्ये आहे. शूबर्टची १८२३ ची गीतमाला, विल्हेल्म म्यूलरच्या कविता, वीस गाणी. पाणचक्कीवर काम शोधणारा पोरगा ओढ्याच्या काठानं येतो, मालकाच्या मुलीवर जीव लावतो, ती शिकाऱ्याकडे वळते. यातलं एकोणिसावं गाणं ऐका. पोरगा आणि ओढा बोलताहेत. पोरगा गातो तेव्हा पियानोत नुसते सुटेसुटे स्वर, मायनरमध्ये. ओढा उत्तर देतो तेव्हा मेजर येतो आणि हाताखालून पाणी वाहू लागतं. पावसाळ्यातला कपिलधारचा धबधबा डोळ्यांपुढे आणू नका. हे बारीक, सलग पाणी आहे. मग पोरगा पुन्हा गातो, पुन्हा मायनर, पण पियानो आता त्याच्या सुट्या स्वरांकडे परतत नाही. पाणी त्याच्या शब्दांखालून वाहतच राहतं. तो काय करणार आहे, हे त्याच्या तोंडून येण्याआधी पियानोला ठाऊक आहे. माझ्या मते सबंध मालेत याहून भेदक जागा नाही. इथं पियानोवाला पोरग्याच्या साथीला बसलेला नाहीच. तो ओढ्याच्या बाजूनं बसलाय.

विसावं गाणं बुडालेल्या पोराला ओढ्यानं म्हटलेली अंगाई. पाच कडवी, पाचही एकाच चालीत, म्हणजे भजनकऱ्याला घरच्यासारखी. पत्रलेखकांनी ती पेटीवर जरूर बसवावी. मूळ पट्टी ई मेजर. आवाजाला चढी वाटली तर उतरवावी. खालच्या आवाजांसाठी ही गाणी उतरवून छापतातही. चाल बसली की कळवा, तोवर शोपँ थांबेल.