पाडवा, मोटार आणि तिसरा माणूस

दिवाळीच्या खर्चाचा हिशेब मांडायला बसले, की कापडचोपड, फराळाचे सामान, फटाके, पाडव्याची आणि भाऊबिजेची ओवाळणी अशी यादी भराभर तयार होते. अलीकडे पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतून या यादीच्या शेवटी आणखी एक कलम मुकाट्याने येऊन बसले आहे. ते म्हणजे मोटारीचा विमा. याला कारण आपली मुहूर्ताची हौस! आमच्या सोलापुरात गाडी नवी असो की जुनी, ती घरी यायची दसऱ्याला, नाही तर पाडव्याला. हार घालून, समोर कुंकवाचे स्वस्तिक काढून ती सिद्धेश्वराच्या दर्शनाला नेली, की घरच्यांना धन्यता वाटते. पण ज्या दिवशी गाडी येते त्याच दिवशी तिचा विमाही सुरू होतो. आणि मग दरवर्षी ऐन फराळाच्या धामधुमीत त्याचा हप्ता दारात उभा राहतो.

मुहूर्त आपण पंचांगात पाहतो. विमा कंपनी इंग्रजी तारीख पाहते. या दोन कालगणनांच्या फटीत मी एकदा चांगलाच सापडलो. त्याचीच ही हकीकत.

२०२२ साली पाडवा २६ ऑक्टोबरला होता. पुण्यास बिऱ्हाड हलवणाऱ्या एका सहकाऱ्याची सहा वर्षे वापरलेली, बाराशे सीसीच्या आतली मोटार मी त्या दिवशी घेतली आणि विमाही माझ्या नावाने उतरवला. पुढल्या वर्षी मनाशी ठरवले, की विम्याचे पैसे पाडव्यालाच भरायचे. फोनवर कंपनीचे निरोप येत होते. पण ‘कर्ज घ्या’, ‘प्लॉट घ्या’ अशा निरोपांच्या गर्दीत तेही न वाचताच गेले. शिवाय हप्त्याचा आकडा मनासारखा नव्हता. ‘जरा चौकशी करू, कुठे स्वस्त पडतो का पाहू,’ असे म्हणत मी तो विषय पुढे ढकलीत होतो.

३ नोव्हेंबरच्या संध्याकाळी अक्कलकोट रस्त्याने घरी येत होतो. यंत्रमागाच्या कारखान्यांतली पाळी नुकतीच सुटली होती. आडव्या गल्लीतून एक कामगार सायकलवरून एकदम पुढे आला. मी ब्रेक दाबला, तरी धक्का लागून तो पडलाच. माझ्या हातापायांतले बळ गेले. खाली उतरून पाहतो, तो गृहस्थ आपला आपण उठून उभा! गुडघा खरचटला होता आणि सायकलचे पुढचे चाक वाकले होते. मी त्याला जवळच्या दवाखान्यात नेले, मलमपट्टी करविली, चाकाचे पैसे दिले. “ऱ्हाऊ द्या सर, काय झालं नाही,” असे म्हणत तो उलट मलाच धीर देत होता. त्याच्या सायकलला एक पिशवी अडकवलेली होती. तीत लहान मुलीचा नवा फ्रॉक होता.

घरी आल्यावर सारा प्रकार सांगितला, तेव्हा ही म्हणाली, “विम्याचा कागद कुठे आहे? एकदा बघून ठेवा.” कपाटातून कागद काढला. मुदत संपली होती २५ ऑक्टोबरच्या मध्यरात्री! त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, म्हणून पाडवा १४ नोव्हेंबरवर गेला होता. अधिक महिन्याचे भान विमा कंपनीला असण्याचे कारण नव्हते. ते मला असायला हवे होते. म्हणजे नऊ दिवस मी विम्यावाचून गाडी फिरवीत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी कायद्याचा जाणकार नव्हे, मराठीचा मास्तर. पण दुसऱ्या दिवशी तो विम्याचा कागद प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचला. त्यात जागोजागी ‘थर्ड पार्टी’ असा शब्द येतो. वर्गात आम्ही शिकवतो, की बोलणारा तो प्रथम पुरुष, ज्याच्याशी बोलायचे तो द्वितीय पुरुष, आणि ज्याच्याविषयी बोलायचे पण जो समोर हजर नाही, तो तृतीय पुरुष. विम्याचेही तेच व्याकरण आहे. मी पहिला, कंपनी दुसरी. करार आम्हा दोघांचा. पण कायद्याला काळजी वाटते ती त्या तिसऱ्याची, रस्त्याने सायकलवरून घरी निघालेल्याची. त्याने कुठे सही केलेली नाही, आणि माझ्या मोटारीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

म्हणूनच १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने या तिसऱ्यापुरता विमा सक्तीचा केला, आणि १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमात ती सक्ती कायम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्यावाचून गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण खरी भीती दंडाची नव्हेच. समजा, त्या संध्याकाळी विपरीत घडले असते! माणूस ३८ वर्षांचा, महिन्याला १२,००० रुपये मिळवणारा, घरी खाणारी चार माणसे. मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई कशी ठरते, याची रीत सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या खटल्यांत घालून दिली आहे. वर्षाची कमाई १,४४,००० रुपये. पुढे ती वाढली असती म्हणून त्यात चाळीस टक्क्यांची भर. त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. आणि राहील त्याची त्या वयासाठी पंधरा पट. हिशेब होतो २२,६८,००० रुपये. शिवाय अंत्यविधी वगैरेंची रक्कम वेगळी. विमा असता तर हे पैसे कंपनीने दिले असते. कारण तिसऱ्या माणसाच्या मृत्यूच्या किंवा इजेच्या बाबतीत तिची जबाबदारी अमर्याद असते. विमा नसता तर ते माझ्याकडून वसूल व्हायचे. आणि मास्तराकडून वसूल होऊन होऊन होणार किती? म्हणजे अखेर बुडाले असते ते त्या फ्रॉकवालीचे घर.

आता महागाईकडे वळू. या तिसऱ्या माणसाच्या विम्याचा दर सरकार ठरवते, आणि तो सर्व कंपन्यांकडे सारखाच असतो. हजार ते पंधराशे सीसीच्या खाजगी मोटारीला हा दर २०१४ साली १,३३२ रुपये होता. २०१६ साली २,२३७ झाला. आणि १ जून २०२२ पासून ३,४१६ झाला. आठ वर्षांत अडीच पट! त्यावर अठरा टक्के जीएसटी आहेच. तेव्हा कुरकुर करायला जागा आहे, हे खरे. पण येथे घासाघीस करून उपयोग नाही. एखादा दलाल याच भागात भरमसाट सूट देऊ लागला, तर कागद खोटा असण्याचा संभव धरावा आणि पैसे देण्यापूर्वी कंपनीकडे पॉलिसीचा क्रमांक पडताळून घ्यावा.

स्वस्ताई शोधायची ती दुसऱ्या भागात, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर कंपन्यांना मोकळे झाले. एकाच गाडीला तीन कंपन्यांचे तीन आकडे येतात ते यामुळेच. मात्र आकडे ताडून पाहताना एक खबरदारी घ्यावी. विम्यात गाडीची किंमत धरलेली असते. तिला आयडीव्ही म्हणतात. ही किंमत खाली ओढली, की हप्ताही आपोआप उतरतो आणि आपल्याला वाटते, सौदा साधला! पण गाडी चोरीला गेली तर हातात तेवढीच कमी रक्कम पडते. तेव्हा तिन्ही ठिकाणी आयडीव्ही सारखी धरायला लावावी, आणि मगच आकडे शेजारी शेजारी मांडावेत.

दुसरी गोष्ट ‘नो क्लेम बोनस’ची. वर्षभर भरपाई मागितली नाही, तर या भागाच्या हप्त्यात पुढल्या वर्षी वीस टक्के सूट मिळते. मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि पाचव्या वर्षी पन्नास. या सुटीचा मोह आणि भरपाईचा मोह यांचा हिशेब घरात बसून करावा. समजा, बंपर फुटला आणि बिल ३,५०० रुपये झाले. त्यातला २,००० रुपयांचा बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून साध्या विम्यात त्याचे निम्मेच धरतात. राहिले २,५००. त्यातले पहिले १,००० रुपये आपण सोसायचे, असा नियमच आहे. म्हणजे हाती आले १,५००. उलट ५,००० रुपयांच्या हप्त्यावर पस्तीस टक्के सूट मिळायची असेल, तर १,७५० रुपये गेले. आणि शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायची. किरकोळ कामाला स्वतःचेच पैसे घालावेत हे बरे.

हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. गाडी विकताना त्याचा दाखला कंपनीकडून मागून घ्यावा. तीन वर्षांच्या आत नवी गाडी घेतली तर तो चालतो. जुनी गाडी घेणाऱ्याने मात्र विकणाऱ्याचा बोनस आपला म्हणून लावू नये. थोडे पैसे वाचतात. पण भरपाईच्या वेळी ती खोटी माहिती ठरते आणि मागणी नाकारली जाऊ शकते. शिवाय विमा संपल्यावर नव्वद दिवसांत नवा केला नाही, तर साठवलेला बोनस बुडतो. माझे एकोणीस दिवसच गेले असते, असे कुणी म्हणेल. पण ३ तारखेनंतर मी १४ ची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी माणूस येऊन गाडी तपासून गेला, मग नवी पॉलिसी झाली, आणि तोवर मी कॉलेजला रिक्षाने गेलो.

मालकाच्या स्वतःच्या अपघाताचा १५ लाखांचा विमाही या हप्त्यात मिसळलेला असतो. घरात स्कूटर आणि मोटार एकाच नावावर असली, तर तो दोनदा घेण्याची गरज नाही. १ जानेवारी २०१९ पासून तो वेगळाही घेता येतो. आमच्या घरात दोन वर्षे तो दुहेरी भरला जात होता, हे कागद वाचल्यावरच कळले! ज्यांची गाडी आठवड्यातून एकदा तुळजापूर-अक्कलकोटला जाण्यापुरतीच बाहेर निघते, त्यांनी किलोमीटरवर बेतलेल्या विम्याची चौकशी करावी. अशा योजनांना २०२२ पासून परवानगी आहे. नुकसानीचा पहिला हिस्सा आपण जास्त सोसण्याचे कबूल केले तरी हप्ता उतरतो. पण सोसण्याइतकी रक्कम घरात शिल्लक असेल तरच.

गाडी अगदी जुनी झाली, गेली तरी घर हलणार नाही अशी स्थिती असली, तर नुकसानीचा भाग सोडून देणेही वावगे नाही. मात्र हा निर्णय पावसाळा आठवून घ्यावा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, तेव्हा पाण्याचा धाक म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्याने पाहिले. पाण्यात उभ्या असलेल्या गाडीची किल्ली फिरवून इंजिन बिघडले, तर साधा विमा ते नुकसान भरून देत नाही, त्याला वेगळी जोड घ्यावी लागते, हेही ध्यानात असू द्यावे. आणि न्याय्य भरपाई नाकारली गेलीच, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर पुण्यास विमा लोकपालाचे कार्यालय आहे. तेथे फी पडत नाही, वकीलही लागत नाही.

थोडक्यात सांगायचे, तर काटकसर करायची ती प्रथम पुरुषाच्या खात्यातून. माझा बंपर, माझा रंग, माझी हौस, यांत कितीही कात्री लावावी. तृतीय पुरुषाच्या खात्याला मात्र हात लावू नये, आणि त्याची तारीख चुकवू नये.

दिवाळीच्या खर्चाची यादी आमच्याकडे अजूनही ही सांगते आणि मी लिहितो. फरक एवढाच, की विम्याचे कलम आता शेवटी नसते; पहिले असते. घरातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेभोवती आमच्या मुलीने लाल पेन्सिलीने गोल काढला आहे. पाडवा मागेपुढे होतो. गोल जिथल्या तिथे असतो. हप्ता भरताना आजही हात जरा आखडतो, नाही असे नाही. पण मग ती सायकल आठवते, तिला अडकवलेली पिशवी आठवते, आणि पैसे भरून मी फराळाच्या सामानाकडे वळतो.